निर्लेखन

सरकारी कचेरीत एखादी वस्तू विकत घेणे त्या मानाने सोपे असते. ती टाकून देणे फार कठीण. खुर्ची हवी असली तर मागणी, मंजुरी, दरांची तुलना आणि सही एवढ्या पायऱ्या चढून ती कधी ना कधी येऊन पोहोचते. परंतु तीच खुर्ची मोडली, की ती खरोखरच मोडली आहे असे ठरविण्यास समिती बसते. त्या समितीचे सभासद उरलेल्या बऱ्या खुर्च्यांवर बसून मोडक्या खुर्चीविषयी अभिप्राय देतात, आणि तो येईपर्यंत ती बिचारी जिन्याखाली तीन पायांवर उभी राहून वाट पाहते.

माझे वडील सातारा जिल्हा परिषदेत लेखनिक होते. त्यांच्याकडे पुष्कळ वर्षे जडवस्तू नोंदवही होती. टेबले, कपाटे, घड्याळे, टंकलेखन यंत्रे, पाण्याचे पिंप अशी सगळी स्थावर-जंगम प्रजा त्या वहीत नांदत असे. आणि निकामी झालेल्या वस्तूची नोंद तीतून रीतसर काढून टाकणे, म्हणजे निर्लेखन करणे, हे त्यांच्या कामांपैकी एक होते. 'वस्तू काढून टाकण्याआधी तिच्यातून काय काढून घेतले ते लिहावे,' असे आबा म्हणत. पंखा गेला तरी त्याची मोटार उपयोगी पडते, कपाट गेले तरी त्याचे कुलूप राहते. लहानपणी मला हा केवळ कारकुनी काटेकोरपणा वाटे. पुढे मीही कारकूनच झालो. परंतु त्या वाक्याचा अर्थ कळण्यास आमचा घरचा लॅपटॉप मोडावा लागला.

हा लॅपटॉप मी २०१५ च्या दिवाळीत भोपाळला घेतला. माझ्या नोकरीचे ते तिसरे वर्ष. त्याच वर्षी आमच्या कन्येचा जन्म झाला आणि त्याच वर्षी आबा सेवानिवृत्त झाले. म्हणजे कन्या, लॅपटॉप आणि आबांचे पेन्शन ही तिन्ही एका वयाची! २०१८ साली माझी बदली दिल्लीस झाली तेव्हा ट्रकमध्ये सामान चढविताना लोखंडी कपाट, पाटा-वरवंटा आणि तुळशीची कुंडी यांवर कोणाचाच विश्वास नव्हता असे नाही. परंतु लॅपटॉप मात्र सौ.ने स्वतःच्या मांडीवर घेऊन प्रवास केला. त्याला 'मांडीवरचा' म्हणतात ते त्या दिवशी सार्थ झाले.

गेल्या दोन वर्षांत मात्र त्याची प्रकृती ढासळत गेली. डाव्या बाजूची बिजागरी तुटली, म्हणून पडदा मागे कलंडू नये यासाठी त्याच्या पाठीशी एक जाड शब्दकोश उभा करावा लागे. बॅटरी इतकी क्षीण झाली, की विजेचा दिवा लुकलुकला तरी तो मान टाकी. चालू केल्यापासून कामास लागेपर्यंत माझा चहा करून, पिऊन आणि कप विसळून होई. आत फिरती तबकडी होती, ती कण्हल्यासारखा आवाज करी. शेवटी वरूनच हुकूम आला. त्याच्यावर चालणाऱ्या विंडोज-१० ला मिळणारी नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली. आणि पुढची विंडोज-११ घ्यावी तर ती जुन्या यंत्रांना उंबरठ्याच्या आत घेत नाही. इंटेलच्या बाबतीत, एकदोन अपवाद सोडता, आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसरच तिला चालतात. आमचा होता पाचव्या पिढीचा. माणसांत पाचवी पिढी म्हणजे खानदान. संगणकांत ती वेठबिगार ठरते!

घरात बैठक झाली. कन्या पाचवीत आहे. तिला शाळेचे प्रकल्प करावयाचे असतात आणि 'सगळ्यांच्या घरी नवा आहे' ही तिची एकच, परंतु बिनतोड टिप्पणी होती. सौ. म्हणाली, 'अहो, बँकेचे व्यवहार ह्याच्यावर करायचे म्हणजे मला धास्ती वाटते. दुरुस्ती बंद झाली म्हणता ना?' आईने काहीच मागितले नाही. ती पलंगावर वाती वळीत बसली होती. थोड्या वेळाने तिने एवढेच विचारले, 'आणि ह्याचं काय करणार?'

'देऊन टाकू. नवीन घेताना दुकानदार दोन पैसे कमी करतो,' मी म्हणालो.

ती पुन्हा वाती वळू लागली.

पैशांची सोय कशी करावी हा प्रश्न फारसा अवघड नव्हता. सातव्या वेतन आयोगानंतर २०१६ साली सरकारने पुष्कळशा अग्रिमांना रजा दिली, तरी संगणकासाठीचा सव्याज अग्रिम राखून ठेवला: पन्नास हजार रुपये किंवा प्रत्यक्ष किंमत, यांपैकी जे कमी असेल ते, आणि तोही सबंध सेवेत जास्तीत जास्त पाच वेळा. माणसाच्या नोकरीत पाच संगणक मोडतील हे ज्याने आधीच ताडले, त्या अज्ञात अधिकाऱ्याच्या दूरदृष्टीला मी मनोमन नमस्कार केला आणि अर्ज भरला.

मग मी माझ्या पिंडाला साजेसे काम केले: तुलनात्मक तक्ता केला. आडव्या ओळींत यंत्रे, उभ्या रकान्यांत गुण, आणि शेवटी 'शेरा'. हा तक्ता करताना मला जे ज्ञान झाले ते परमुलखी असलेल्या बांधवांच्या उपयोगी पडेल म्हणून थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, नावाला भुलू नये. 'आय-फाइव्ह' हे आडनाव आहे. खरे वय त्यापुढच्या आकड्यात असते. ७२०० असा आकडा असला तर ते यंत्र सातव्या पिढीचे, ८२५० असला तर आठव्या. जुन्या घराण्यातल्या आय-फाइव्हपेक्षा अलीकडचा आय-थ्री अनेकदा अधिक चपळ निघतो. दुसरी गोष्ट, पत्रे लिहिणे, वाचणे, हिशेब ठेवणे, मुलांचा अभ्यास आणि गावाकडच्या मंडळींशी समोरासमोर बोलणे एवढ्यासाठी मधल्या प्रतीचा प्रोसेसर पुरून उरतो. खर्च करावयाचा तर स्मृतीवर करावा. आठ जीबी रॅम ही आजची किमान गरज. सोळा असली तर यंत्र चार वर्षे अधिक तग धरते. पुष्कळशा सडपातळ यंत्रांत ही रॅम मुख्य पाटीवर डाखून टाकलेली असते, ती मागाहून वाढविता येत नाही. हे घेण्याआधीच विचारावे. तिसरी गोष्ट, फिरती तबकडी असलेले यंत्र कोणी फुकट दिले तरी दोनदा विचार करावा. तिच्या जागी आलेल्या एसएसडीत काही फिरतच नाही, म्हणून ती वेगवान असते आणि धक्क्याने सहसा बिघडत नाही. बदल्या होणाऱ्या माणसाला याहून मोठा गुण कोणता? चौथी गोष्ट, पडदा दुकानाच्या झगमगाटात न पाहता दारापाशी नेऊन दिवसाच्या उजेडात पाहावा. आणि पाचवी, दुरुस्तीचे केंद्र आपल्या आजच्या गावी आहे का एवढेच न पाहता, उद्या जेथे फेकले जाऊ तेथेही आहे का ते पाहावे.

एवढी तयारी करून एका शनिवारी मी जुना लॅपटॉप पिशवीत घालून नेहरू प्लेसला गेलो. दिल्लीतील संगणकांची ही मोठी बाजारपेठ. मधे फरसबंद चौक, भोवती उंच इमारती, आणि प्रत्येक मजल्यावर खुराड्यांसारखी दुकाने. तेथे कंपन्यांनी वापरून परत केलेले लॅपटॉप साफसूफ करून स्वस्तात विकतात. त्यांत काही सोन्यासारखे असतात. फक्त पारख पाहिजे. पहिल्याच दुकानदाराने एक काळाशार लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. 'भाईसाहब, आय-फाइव्ह है! आँख बंद करके ले जाइए।' डोळे मिटूनच वापरावयाचा तर पडदा कशाला, हा प्रश्न मी ओठांशीच थोपविला आणि तळाचा आकडा वाचला. सातवी पिढी! पाच वर्षांनी नव्हे, आजच तो आमच्या लॅपटॉपच्या शेजारी जाऊन बसला असता. तक्त्याचे श्रम वाया गेले नाहीत, याचा मला कोण आनंद झाला!

दोनतीन दुकाने फिरून शेवटी मी नवे यंत्र पसंत केले. चौदा इंची, वजनाला दीड किलोच्या आत, सोळा जीबी रॅम, पाचशे बारा जीबीची एसएसडी, आणि किंमत अग्रिमाच्या मर्यादेत. दुकानदाराने माझी पिशवी पाहिली. 'पुराना भी दे दीजिए, दो हज़ार कम कर दूँगा।' मी तो काढून दिला. त्याच्या हाताखालच्या पोराने तो चालू केला, बराच वेळ वाट पाहिली, आणि माझ्याकडे वळून सहज विचारले, 'डेटा निकाल लिया, सर?'

फोटो मी काढून घेतले होते. बँकेचे कागद, कन्येची प्रमाणपत्रे, माझ्या वेतनाच्या पावत्या, सगळे घेतले होते. राहिली होती 'टिपणे' नावाची एक थैली. तिच्यात नऊ फायली. त्या आबांच्या.

निवृत्त झाल्यावर आबा आणि आई आमच्याकडे राहावयास आली. मी कचेरीत गेलो, की दुपारच्या वेळी आबा लॅपटॉप उघडून काही तरी लिहीत. 'काय लिहिता?' असे विचारले तर 'नोंदी करतो' म्हणत. ते आयुष्यभर मराठी टंकलेखन यंत्रावर काम केलेले. त्यांच्या बोटांना तोच कळफलक ठाऊक. म्हणून साताऱ्याच्या एका छपाईवाल्या स्नेह्याकडून त्यांनी त्याच कळफलकाचा एक जुना फाँट आणला आणि त्यात लिहू लागले. फेब्रुवारी २०२२ मध्ये आबा गेले. त्यानंतर ती थैली मी एकदाही उघडली नाही. वेळ नव्हता असे मी म्हणे. खरे कारण निराळे होते.

दिल्लीच्या बदलीचा हुकूम आला त्या रात्री मी चिडलो होतो. भोपाळला कोठे बस्तान बसत होते, मुलीची शाळा ठरत होती. आबा समजुतीचे दोन शब्द बोलावयास आले, तेव्हा मी ताडकन म्हणालो, 'आबा, बदली म्हणजे काय ते तुम्हांला काय ठाऊक? तुम्ही जन्मभर एका जिल्ह्यात काढलात. कधी गाव सोडावं लागलं नाही तुम्हांला.' ते नुसते हसले आणि सामान बांधण्यासाठी सुतळी आहे का ते पाहावयास गेले. त्या हसण्याचा जमाखर्च माझ्याकडून कधीच मिटला नाही. ती थैली उघडली, तर त्यात तो दिवसही नोंदलेला असेल अशी मला भीती होती.

दुकानात मी त्या फायली नव्या यंत्रावर घेतल्या आणि त्यांतली पहिली उघडून पाहिली. पडद्यावर इंग्रजी अक्षरांची, कंसांची आणि टिंबांची नुसती रास पडली. आबांचा एकही शब्द दिसेना. पोर म्हणाले, 'सर, फ़ाइल ख़राब है।' मी दुकानदाराला सांगितले, 'पुराना नहीं देना।' दोन हजारांची सूट गेली. दोन्ही यंत्रे घेऊन मी मेट्रोने परत आलो. एक खांद्यावर, एक पोटाशी धरलेले.

फाइल खराब नव्हती. त्या जुन्या फाँटांची रीतच तशी होती. संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरांसाठी जे क्रमांक ठरलेले, त्यांच्याच जागी या फाँटांनी देवनागरीची चित्रे बसविली होती. यंत्राला वाटे आपण इंग्रजी साठवतो आहोत. पाहणाऱ्याला दिसे मराठी. तो विशिष्ट फाँट नसलेल्या यंत्रावर गेले, की सोंग उतरे आणि नुसती इंग्रजी रास उरे. पुढे युनिकोड आले. १९९१ मध्ये त्याची पहिली आवृत्ती निघाली. तीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला. त्याच १९९१ साली भारतीय मानक ब्युरोनेही भारतीय लिप्यांच्या संकेतांचे मानक प्रसिद्ध केले; आपल्या कचेऱ्यांत शिकवितात तो इन्स्क्रिप्ट कळफलक त्यातलाच. परंतु साध्या माणसांच्या घरांत आणि छापखान्यांत जुने फाँट पुढेही कित्येक वर्षे चालत राहिले. मराठीतील किती पत्रे, किती वंशावळी, किती अर्धवट आत्मचरित्रे अशी मोडक्या यंत्रांत इंग्रजीचे सोंग घेऊन पडली असतील!

उपाय दोन होते. जुन्या यंत्रातला फाँटच नव्यात आणून बसवावयाचा. तो मी त्याच रात्री केला, आणि पडद्यावर आबांची अक्षरे उमटली. परंतु तेवढ्याने भागत नाही. तो मजकूर दुसऱ्या कोणाला पाठविला तर पुन्हा रास. कायमचे काम करावयाचे तर सगळा मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घ्यावा लागतो. त्यासाठी परिवर्तक मिळतात. परंतु त्यांनी उतरविलेले डोळ्यांखालून घालावेच लागते, कारण दोन्हींचा क्रम निराळा. टंकलेखन यंत्रावर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, म्हणून ती आधी मारावयाची. रफार डोक्यावर बसतो, म्हणून तो मागाहून मारावयाचा. युनिकोडमध्ये दिसण्याचा नव्हे, उच्चाराचा क्रम. आधी 'क', मग त्याची वेलांटी. आधी 'र्', मग त्याचा 'य'. या अदलाबदलीत परिवर्तक ठेचकाळतो. 'स्थिती'ची वेलांटी भलत्याच अर्ध्या अक्षराला चिकटते, 'दुसऱ्या'चा 'दुसर्या' होतो.

म्हणून रोज रात्री जेवणे झाल्यावर दोन्ही यंत्रे शेजारी ठेवून मी मुद्रिते तपासल्यासारखा बसू लागलो. जुन्यावर पाहावयाचे, नव्यावर दुरुस्त करावयाचे. अक्षर न् अक्षर वाचल्यावाचून इलाज नव्हता. एरवी मी हे लेखन भरभर चाळले असते, कदाचित भिऊन निम्मे सोडूनही दिले असते. चुकलेल्या वेलांट्यांनी मला तसे करू दिले नाही.

चौथ्या फायलीत कोयनेचा भूकंप आला. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. आबा तेव्हा दहा वर्षांचे, पाटण तालुक्यातल्या आमच्या गावी. भूकंपात घर पडले हे मला ठाऊक होते. पुढचे ठाऊक नव्हते. घर पडल्यावर आजोबांनी त्यांना मुंबईस मामाकडे पाठविले. मामा परळला गिरणीत कामाला, चाळीतल्या एका खोलीत नऊ माणसे. आबा तेथे दोन वर्षे होते. रात्री गिरणीच्या भोंग्याने दचकून उठत आणि जमीन हलते आहे काय हे पाहण्यासाठी फरशीला हात लावून बसत. दोन वर्षांत त्यांनी आईचे तोंड दोनदा पाहिले.

पाचव्या फायलीत १९८० साल होते. मुंबईच्या एका केंद्रीय कचेरीतून त्यांना नेमणुकीचे पत्र आले होते. पगार जिल्हा परिषदेपेक्षा जास्त. आबांनी ते पत्र चार दिवस खिशात वागविले आणि नकार लिहून पाठविला. कारण त्यांनी एका ओळीत दिले आहे: 'पुन्हा फरशीला हात लावून बसण्याचे धैर्य नव्हते.' आणि त्याच्याखाली, बरेच अंतर सोडून, मागाहून कधी तरी लिहिलेले हे वाक्य: 'मुलाला भोपाळची नेमणूक आली तेव्हा त्याने मला विचारले. मी हो म्हणालो. नाही म्हणण्याचे कारण माझे होते, त्याचे नव्हते.'

त्या ओळीत एकही वेलांटी चुकली नव्हती, किंवा चुकली असल्यास मला दिसली नाही. मी पडदा तसाच ठेवून गच्चीत गेलो. रामकृष्णपुरमच्या सरकारी वस्तीत त्या वेळी सामसूम असते. पहारेकऱ्याच्या काठीचा आवाज तेवढा येतो. बदली म्हणजे काय ते ज्याला दहाव्या वर्षी कळले होते, त्याला मी तुम्हांला काय ठाऊक म्हणून विचारले होते. आणि तो सुतळी शोधावयास गेला होता.

दुसऱ्या दिवशी मी आईला ते वाचून दाखविले. ती डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, 'मला ठाऊक होतं. पत्र आलं ते त्यांनी लग्नानंतर मला दाखवलं होतं. पोराला सांगू नको म्हणाले. त्याच्या पायात येईल.' मग थोडे थांबून, 'फरशीचं मात्र मला नव्हतं सांगितलं.'

भोपाळच्या त्या रात्रीची नोंद कोठेही नव्हती. सगळ्या फायली चाळून मी ती शोधली. जडवस्तूंची इतकी काटेकोर वही ठेवणाऱ्या माणसाने ती एक बाब वहीत घेतलीच नव्हती, की रीतसर काढून टाकली होती, हे आता कळण्यास मार्ग नाही.

जुन्या लॅपटॉपचे पुढे काय केले, असे कोणी विचारील. आबांच्या नियमाप्रमाणे केले. आतली तबकडी काढून, एका डबीत घालून, आईच्या लोखंडी कपाटात ठेवली. रॅमची पट्टी कचेरीतल्या एका सहकाऱ्याच्या यंत्राला उपयोगी पडली. उरलेला सांगाडा विजेच्या टाकाऊ वस्तू घेणाऱ्या केंद्रावर देऊन पावती घेतली, आणि ती पावती अग्रिमाच्या कागदांशेजारी लावून ठेवली. शब्दकोश आपल्या जागी परत गेला.

नवे यंत्र उत्तम चालते. कन्या त्यावर इन्स्क्रिप्ट शिकते आहे; तिची बोटे आधी अक्षर मारतात, मग वेलांटी. आई रोज दिवेलागणीनंतर पलंगावर येऊन बसते आणि विचारते, 'आज काही आहे का वाचायला?' सहावी फाइल अजून तपासून व्हावयाची आहे. ती सर्वांत मोठी आहे, आणि तीत वेलांट्या फार चुकल्या आहेत.